बडोद्याच्या टाळ्या

गोविंदरावांचा दोन गोष्टींवर मनापासून राग होता. एक, वासणा रोडवरच्या त्यांच्या सोसायटीतला पाण्याचा पंप, आणि दुसरी, एक ग्रामोफोन रेकॉर्ड. पंप अधूनमधून दुरुस्त तरी व्हायचा. रेकॉर्ड मात्र सदतीस वर्षं लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, रजयांच्या घडीत पडून होती आणि तिच्यातला एक सूरही त्यांनी ऐकला नव्हता. न ऐकता एखाद्या गोष्टीवर इतकी वर्षं राग धरायचा तर अंगात चिकाटी लागते. चौतीस वर्षं रिफायनरीत शिफ्टा केलेल्या माणसाकडे ती असतेच.

त्यांची नात अवंती हिने फोन केला तेव्हा त्या रजयांपर्यंत गोष्ट जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. निजामपुऱ्यात कुशल नावाचा तिचा मित्र होता. त्याच्या घरी महिन्यातून एका रविवारी सकाळी दहाबारा पोरं जमायची आणि जुन्या तबकड्या ऐकायची. ह्या वेळचा विषय होता मैफलींच्या रेकॉर्डी, म्हणजे स्टुडिओत नव्हे, लोकांसमोर गाऊन-वाजवून झालेल्या. प्रत्येकाने एक आवडती आणि एक नावडती आणायची, आणि का ते सांगायचं.

"आजोबा, तुम्ही येता ने? तुम्ही किती मैफली ऐकल्यात."

"नावडती आहे माझ्याकडे," गोविंदराव म्हणाले. "आवडती नाही. ती निघालीच नाही."

अवंतीला हे काही कळलं नाही, पण आजोबा यायला तयार झाले एवढं तिला पुरेसं होतं.

न निघालेल्या त्या रेकॉर्डची हकिगत अशी. सत्त्याऐंशी सालच्या थंडीत बडोद्यात एका मोठ्या पंडितजींचं गाणं ठरलं होतं. आधीचा तास स्थानिक कलाकाराचा, आणि तो मान मिळाला होता गोविंदरावांच्या बायकोला, मंदाताईंना. मिरजेला रीतसर शिकलेली बाई, लग्न होऊन रिफायनरीच्या क्वार्टरमध्ये आली आणि स्वयंपाक आटोपून रियाज करत राहिली. मैफल टिपून घ्यायला मुंबईची एक कंपनी आली होती. मायक्रोफोन लावणारा माणूस मंदाताईंना म्हणाला होता, "ताई, तुमचंही घेतो आहोत हं." तेवढ्या एका वाक्यावर दोघं आठवडाभर धड झोपली नव्हती.

गोविंदरावांची त्या दिवशी नाइट शिफ्ट होती. ते युनिफॉर्मवरच, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते. रिफायनरीची बस नऊ वाजून दहा मिनिटांनी हॉलच्या कोपऱ्यावर यायची. मंदाताईंचं गाणं संपलं आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. बाहेर रमणभाई ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तरी गोविंदरावांचा पाय निघेना. शेवटी ते धावत गेले तेव्हा खिडकीतून डोकं काढून रमणभाई ओरडला, "गोविंदभाई, चालो ने, मोडुं थयुं." उशीर झालाच होता, अख्खी बस अकरा मिनिटं उशिरा पोचली. गोविंदरावांना मेमो मिळाला, साऱ्या नोकरीतला एकुलता एक. खुलाशात त्यांनी लिहिलं, 'टाळ्या थांबत नसल्याने उशीर झाला.' त्या मेमोची प्रत त्यांनी अजून जपून ठेवली होती आणि घरी येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती अशी दाखवत, की पाहणाऱ्याला वाटावं हे प्रमोशनचंच पत्र आहे.

मंदाताईंना मात्र त्या टाळ्या कधी पटल्याच नाहीत. शेवटचा सा लावला न लावला तोच संयोजकांनी त्यांना दंडाला धरून उठवलं होतं, कारण पंडितजी तयार होऊन विंगेत उभे होते. श्रोत्यांना नमस्कारसुद्धा करायचा राहिला. आतल्या खोलीचं दार लोटलं गेलं, पंखा घरघरत होता, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. "रीतीच्या चार टाळ्या असतील," त्या म्हणायच्या. "ह्यांना बायकोचं कौतुक, त्यामुळे चाराच्या चारशे झाल्या."

आणि वर्षभराने रेकॉर्ड निघाली ती एकट्या पंडितजींची. पाठीमागे तबलेवाल्याचं नाव, पेटीवाल्याचं नाव, पंडितजींच्या मागे तानपुरे धरून बसलेल्या दोन मुलांचीसुद्धा नावं. मंदाताईंचा कुठे मागमूस नव्हता. गोविंदरावांनी दुकानातून ती तशीच घरी आणली आणि रजयांत सारली. बायकोला सांगितलं, कंपनी बंद पडली, रेकॉर्ड काही निघत नाही. त्यावर मंदाताई फक्त "बरं" म्हणाल्या. पुढे मोठ्या बैठकीचं बोलावणं आलं की त्या घसा बरा नसल्याचं सांगायच्या. घरी मुलांना शिकवायच्या तेव्हा घसा ठणठणीत असायचा.

तर आता त्या रविवारी गोविंदराव एकटेच जाणार होते, मंदाताईंचा रविवारी सकाळी क्लास असतो म्हणूनच त्यांनी हो म्हटलं होतं. पण उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, चार दिवसांवर आलेलं. मुलांच्या हाताला मांजाचे चरे पडले होते आणि डोकी गच्चीवर होती. सकाळीच सात मुलांच्या आयांचे फोन आले, मुलं आज क्लासला येणार नाहीत.

"मीही येते," मंदाताई म्हणाल्या.

गाडीत गोविंदराव साडीच्या दुकानाची चौकोनी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

"काय आहे त्यात?"

"कागदपत्रं."

"बरं," मंदाताई म्हणाल्या.

कुशलच्या घरी सतरंजीवर मुलं बसली होती, म्हाताऱ्यांसाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. कुशल तिशीच्या आतला, चष्मेवाला, रेकॉर्ड हातात घेताना तान्हं मूल घ्यावं तशी घेणारा. घरचा म्हणून पहिला नंबर त्याचा. त्याने आपली आवडती रेकॉर्ड वर धरली आणि गोविंदरावांनी पिशवी जवळ ओढली. तीच होती. तीच शाल, तोच फोटो, तीच लाल अक्षरं.

"गाणं तसं साधारणच आहे," कुशल म्हणाला. "पंडितजींचा आवाज त्या दिवशी बसलेला, दोनदा खोकलेत. पण शेवटच्या टाळ्या ऐका. मुंबई-पुण्याचे संग्राहकसुद्धा ह्या टाळ्यांसाठी ही रेकॉर्ड शोधतात. थकलेल्या कलावंताला बडोद्याने असा मान दिला. मी इथे जन्मलो, ह्याचा मला ह्या टाळ्या ऐकल्यावर अभिमान वाटतो."

गोविंदरावांना आता बसवेना. ते उठले, पिशवीतून आपली प्रत काढली आणि मग त्यांना बायको समोर असल्याची आठवण झाली. हात तसाच हवेत राहिला.

"रजयांतली ना?" मंदाताई शांतपणे म्हणाल्या. "अहो, दर वर्षी रजया उन्हात कोण घालतं? तुम्हाला लपवून बरं वाटत होतं, म्हणून परत तिथेच ठेवत होते."

अवंती हसली. गोविंदरावांनी आपली प्रत कुशलपुढे ठेवली. एकदा उघडं पडल्यावर माणसाला बोलायला सोपं जातं. त्यांनी सगळं सांगितलं, मायक्रोफोनवाल्याचा शब्द, मेमो, दुकानातला तो दिवस.

"आणि एक सांगतो," ते कुशलकडे वळून म्हणाले. "बडोद्याचे लोक दयेपोटी टाळ्या वाजवत नाहीत. मी इथे पन्नास वर्षं गाणं ऐकतोय. आवाज बसलेला असला तर आमचे लोक हात जोडतात आणि चपला शोधायला लागतात."

"पण आजोबा, टाळ्या तर रेकॉर्डवर आहेत ने. तुम्ही ऐकल्यात?" कुशलने विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

"घरी प्लेअर नव्हता," गोविंदराव म्हणाले. "आणि असता तरी ऐकली नसती."

मुलं हसली. कुशलने दुसरी बाजू लावली आणि सुई अगदी आतल्या, शेवटच्या चरांवर ठेवली. पंडितजींची द्रुत बंदिश धापा टाकत संपली आणि टाळ्यांचा लोंढा आला. गोविंदराव कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मध्येच टाळ्यांच्या मागे, भिंतीपलीकडून आल्यासारखा, बारीक हॉर्न वाजला. तीन तुटक, एक लांब. थोड्या वेळाने पुन्हा तीन तुटक, एक लांब.

गोविंदरावांनी स्पीकरकडे बोट दाखवलं. "रमणभाई," ते म्हणाले.

"कोण?"

"माझ्या बसचा ड्रायव्हर. त्याचा हॉर्न आहे हा, असाच वाजवायचा. ती बस नऊ वाजून दहाला आली आणि मला घेऊन निघून गेली. पंडितजी त्यानंतर गायला बसले, संपले साडेअकराला, हिनेच सांगितलं होतं. मग त्यांच्या टाळ्यांत माझी बस कशी?"

खोलीत कुजबुज झाली. कुशल मान हलवत राहिला. त्याच्या आवडत्या रेकॉर्डवर घाला येत होता, तो सहज कसा मानणार? "आजोबा, हॉर्न कुठल्याही गाडीचा असेल. बडोद्यात हॉर्नला काय तोटा?"

खरं तर गोविंदरावांनाही माहीत होतं, की हॉर्न म्हणजे पुरावा नव्हे. सदतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हाताशी येऊन निसटत होतं, आणि बायकोकडे बघायचं धैर्य त्यांना होईना. आता ती म्हणणार, ह्यांना बायकोचं कौतुक.

"परत लाव," मंदाताई म्हणाल्या. "पंडितजी संपतात तिथून."

कुशलने लावलं. मंदाताई डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या, क्लासमध्ये मूल बेसूर झालं की करायच्या तशी. तीन सेकंदांनी त्यांनी हात वर केला. "पुन्हा." पुन्हा झालं. "पुन्हा."

"अवंती, तुझ्या फोनवर ते सूर दाखवणारं आहे ना? पंडितजींचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीत आहे बघ."

अवंतीने फोन स्पीकरजवळ धरला. "काळी एक, आजी."

"आता टाळ्यांची अगदी सुरुवात. त्यांचा जोर चढायच्या आधीचा क्षण. खाली तानपुरा वाजतोय, तो बघ."

अवंतीने बघितलं, आणि परत बघितलं. "काळी चार दाखवतंय."

"दाखवणारच," मंदाताई म्हणाल्या. "काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या मागे काळी चारचा तानपुरा कोण लावेल? काळी चार माझी." त्यांनी मान पुन्हा तिरकी केली. "आणि तानपुऱ्याच्या वर एक धागा ऐकू येतो बघा, बाईच्या आवाजाचा. तो माझा सा आहे. शेवटचा सा मी नको तितका धरून ठेवायची. गुरुजी रागवायचे त्यावरून."

कुशलने न सांगताच सुई उचलून ठेवली. ह्या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला. अर्धा सेकंदही नसेल, पण स्वच्छ, सरळ, न हलणारा बाईचा सा, आणि त्याच्यावर कोसळलेलं अख्खं बडोदं. पंडितजींना मिळालेल्या टाळ्या विकण्याजोग्या नव्हत्या, म्हणून कंपनीतल्या कुणीतरी त्या काढल्या होत्या आणि दोन-अडीच तास आधीच्या, मंदाताईंच्या, इथे चिकटवल्या होत्या. कापताना त्याचा हात केसभर आधी पडला होता.

कुशलने सुई उचलून बाजूला केली. मग म्हणाला, "आजी, म्हणजे ह्या रेकॉर्डमधलं मला जे आवडतं, ते सगळं तुमचंच आहे."

मंदाताई नवऱ्याकडे वळल्या. "खरंच थांबत नव्हत्या हो," त्या म्हणाल्या.

"मेमोत लिहिलंय तसं," गोविंदराव म्हणाले. त्यांना बायकोचा अभिमान होताच, तो कधी कमी झाला नव्हता. आज त्याला पहिल्यांदा साक्षीदार मिळाले होते, तेही हॉलभर.

"मुला, एकदा शेवटपर्यंत लाव," मंदाताई म्हणाल्या. "मध्ये थांबवू नकोस."

त्या खुर्चीतून उठल्या, पदर नीट केला आणि स्पीकरसमोर उभ्या राहिल्या. सा लागला, टाळ्या कोसळल्या. मंदाताईंनी हात जोडले. आधी समोर, मग सावकाश डावीकडे, मग उजवीकडे, आणि शेवटी वर, जिथे त्या हॉलची गॅलरी होती. कुणी त्यांचा दंड धरला नाही. घाई करायला विंगेत कुणी उभं नव्हतं. मागे रमणभाईचा हॉर्न वाजत होता, तीन तुटक, एक लांब, आणि तिसऱ्या रांगेतला माणूस आज जागचा हलला नाही.

रेकॉर्डवरच्या टाळ्या विरल्या, सुई खरखरू लागली. गोविंदरावांच्या टाळ्या चालूच होत्या.