‘बंद’च्या पुढची ओळ

दोन आज्ञा. बंद. चालू.

त्या एका दमात पाठवायच्या असतात. लांबून ऑफिसांची नेटवर्कं सांभाळणाऱ्यांना हे कुणी शिकवत नाही, एकदा हात पोळला की कळतं. ज्या लाइनवरून तुम्ही ऑफिसात शिरलात तीच बंद करून परत चालू करायची असेल, तर दोन्ही आज्ञा एकीखाली एक लिहायच्या आणि एकत्र सोडायच्या. पहिली पोचली की तुम्ही बाहेर. दुसरी सांगायला आत कुणी उरत नाही.

तिला हे पाठ होतं. आज दुपारी, घरच्या टेबलाशी बसून, तिने पहिली लिहिली. बंद. दुसरीसाठी बोटं उचलली, तेवढ्यात आतल्या खोलीतून नवरा ओरडला,

“अगं, कात्री कुठेय?”

“जिथे असते तिथेच!”

आणि उत्तराच्या ठसक्यात बोट एंटरवर आपटलं.

चा

(ही ओळ गेली नाही.)

ही लाइन ज्या ऑफिसाची, तिथे मदतीचे फोन घेतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण असतं. पडलं, छातीत कळ आली, की दाबायचं. मग घरातल्या टेबलावरच्या डबीतून ऑफिसातलं माणूस बोलतं. सगळं त्या एका लाइनवरून.

तिची आई बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर एकटी राहते. आईच्या गळ्यात हेच बटण आहे. तिनेच घातलं. “कुत्र्याचा पट्टा,” आई म्हणाली होती.

तिने ऑफिसातल्या फोनच्या खोलीच्या प्रमुख बाईंना मोबाइल लावला. त्यांना सगळे ताई म्हणतात.

“ताई, मी. नेटवर्कवाली.”

“बोल गं. आज कसं शांत शांत वाटतंय इथे. म्हटलं, जरा चहा घ्यावा.”

“ताई, ती शांतता नाही. फोन येतच नाहीयेत.”

खुर्ची सरकल्याचा आवाज.

“मागच्या कपाटात लाइनचा काळा डबा आहे. त्याची वीज काढायची, परत लावायची.”

“कपाटाला कुलूप आहे. किल्ली हिशेबवाल्याकडे आणि तो जेवायला गेलाय. त्याचं जेवण म्हणजे तुला माहितीये.”

“तोडा.”

“काय तोडू? माझी नोकरी?”

“माझ्या नावावर तोडा, ताई!”

जुन्या डब्याचं सोपं होतं. वीज गेली की शेवटची चूक तो विसरायचा. हा नवा आहे. हा विसरतो की प्रत्येक आज्ञा आपणहून जपून ठेवतो, ते तिने वाचलेलं नाही. वाचायचं राहून गेलं होतं. जपून ठेवत असेल, तर हा डबा उठेल तो ‘बंद’ असंच म्हणत उठेल.

नवऱ्याच्या फोनवरून तिने आईला लावला. वाजतोय.

आई दुपारी झोपते.

आई झोपली असेल.

आई झोपली असावी.

आई झोपली अस

वाजून वाजून थांबला. नवरा कात्री हातात घेऊन दारात उभा. “सापडली,” म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून त्याने ती खाली ठेवली.

इकडच्या कानात लाकूड कडाडलं. मग ताईंचा धापा टाकणारा आवाज. “काढली वायर. लावली. दिवा लाल आहे.”

“थांबा.”

“लालच आहे गं.”

“थांबा, ताई.”

“लाल. मेला नुसता लाल. अगं, हिरवा! झाला हिरवा!”

डबा विसरला होता. तिच्या स्क्रीनवर ऑफिस परत उमटलं. तिकडे फोन एकदम वाजायला लागले. अडकून पडलेल्या हाका एकमेकींना ढकलत आत आल्या. ताई एकेक नाव वाचत होत्या, फोनवरच्या पोरींना वाटून देत होत्या. मध्येच थांबल्या.

“ए, तुझं माहेरचं आडनाव काय?”

तिने सांगितलं.

“तेच आहे इथे,” ताई हळूच म्हणाल्या.

“जोडून द्या, ताई.”

खरखर. मग,

“हॅलो? आहे का कुणी?”

“आई, मी!”

“तू कशी? मी केव्हाची दाबतेय. कुणी बोलेना. म्हटलं, मलाच दाबता येत नाही की काय.”

“कुठे आहेस?”

“न्हाणीघराच्या दारात. पडलेय. हा पाय माझा वाटतच नाही.”

दुसऱ्या फोनवर ताई रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होत्या. मध्येच तिला ओरडून म्हणाल्या: बोलत ठेव, झोपू देऊ नकोस.

“आई, बोलत राहा. काहीही बोल.”

“मीच बोलू? तू सांग. का बोलत नव्हतं कुणी?”

“लाइन बंद होती.”

“काय? मोठ्याने बोल, कानातलं यंत्र कपाटावर राहिलंय.”

“लाइन बंद होती!”

“कुणी केली?”

नवरा बघत होता. तिकडे ताईंची खोली ऐकत होती.

“मी, आई! मी केली! चुकून!”

उत्तर नाही.

“आई?”

स्क्रीनवर लाइन हिरवीगार होती. म्हणजे ही शांतता लाइनची नव्हती.

“आई, बोल ना. रागाव हवं तर.”

तिने फोन कानात रुततो की काय इतका दाबला आणि श्वास शोधला. होता. मग मध्येच नव्हता. मग होता.