चिरेतली काळी पूड

मित्रांनो, मी खलबत्त्यातला एक म्हातारा खल आहे आणि स्वभावाने पक्का भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी हसायला नको.

गुजरातेत खंबातच्या एका कारागिराने अकीकाचा दगड घासून घासून मला घडवले. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र विभागात आलो. माझ्यात मसाला वाटत नाहीत. दगडाची पूड करतात आणि ती शेजारच्या रसायनशास्त्राच्या खोलीत तपासायला नेतात. मेघा मॅडम मला दोन्ही हातांनी उचलायच्या. "याच्यात ठोकायचं नाही, नुसतं घोटायचं," असे प्रत्येक वर्गाला बजावायच्या.

तरी एका मुलाने घाईत बत्ता आपटलाच. माझ्या तळाला केसाएवढी चीर पडली आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. एका दगडाची पूड चिरेत राहून दुसऱ्या दगडात मिसळली तर? मग तो दगड आपल्यात नाही तेच सांगणार. आणि मला तर तोंड उघडून खरे सांगताही येत नाही!

त्यावर प्रयोगशाळेतल्या टिकारामभाऊंचा एक नेम होता. प्रत्येक दगडानंतर माझ्यात स्वच्छ पांढरी वाळू घोटायची, बघायची आणि फेकायची. "वाळू पांढरीच रायली पायजे, मंगच दुसरा गोटा टाकाचा," असे ते म्हणत.

शेवटच्या वर्षाला रीना नावाची मुलगी होती. रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र, दोन्ही घेतलेली ती वर्गात एकटीच. तिचे वडील सुगत वरठीच्या स्टील प्लांटमध्ये कामाला होते. एकदा ते मॅडमना भेटायला आले, तेव्हा सरळ म्हणाले, "मॅडम, प्लांटच्या लॅबमधी केमिस्ट लागते. गोटे फोडनाऱ्याले कोन पुसते?"

मॅडम म्हणाल्या, "दगडातलं काय पाण्यात उतरतं, हे सांगणारी माणसं भूजलवाल्यांना लागतात, खाणींना लागतात, सिमेंट कारखान्यांनाही लागतात. त्याला दोन्ही विषय यावे लागतात, सुगतभाऊ. नागपूरला भूरसायनाचं एमएस्सी करू द्या तिला."

सुगतभाऊंनी बराच विचार केला. "एकच डाव पायतो," ते रीनाला म्हणाले. "सीट भेटली तं शीक. नाही तं प्लांटमधी अर्ज टाक."

सीट मुलाखतीवर होती आणि मुलाखतीत स्वतःचा प्रकल्प दाखवायचा होता. रीनाच्या गावात नुकतीच बोअर मारली होती. तिच्यातून निघालेले फिकट दगडाचे तुकडे तिने पिशवीत भरून आणले. त्याच दुपारी तिने आधी वर्गाच्या कामासाठी तुमसरकडच्या खाणीतला मँगनीजचा काळा दगड माझ्यात घोटला होता. बस सुटायला थोडाच वेळ होता. तिने घाईघाईने एकदा वाळू फिरवली, न बघताच फेकली आणि बोअरचा दगड टाकला. माझा जीव टांगणीला लागला, कारण काळी पूड अजून माझ्या चिरेत होती!

तिने ती पूड धुण्याच्या सोड्यात आणि सोरा नावाच्या क्षारात मिसळून तारेच्या कडीवर, ज्योतीत धरली. मँगनीज असेल तर वितळून हिरवा मणी होतो. मणी हिरवागार झाला. प्रकल्पाला विषय सापडला म्हणून रीना आनंदाने उडालीच. मॅडम तेव्हा परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेल्या होत्या. फोनवर त्या म्हणाल्या, "दगडात असलं म्हणजे पाण्यात असेलच असं नाही. मी आले की पाणी तपासू." पण रीनाने घरी सांगितले होते आणि गावाने 'बोअरचं पाणी खराब आहे' एवढे अर्धेच ऐकले. दुसऱ्या दिवशी बोअरवरच्या हातपंपाच्या दांड्याला साखळी लागली.

ते दिवस मी कपाटात कसे काढले, ते माझे मला माहीत. आठव्या दिवशी सुगतभाऊ प्रयोगशाळेत आले. चेहरा ओढलेला होता. "रीना, तुही माय आठ दिवसांपासून दुसऱ्या टोल्यावरच्या, पल्याडच्या वस्तीतल्या विहिरीवरून पानी आनून राहिली. सारा गाव मले पुसते, हे कवापर्यंत? पक्कं हाये ना तुह्यं?"

टिकारामभाऊ तिथेच काचा पुसत होते. त्यांनी हळूच विचारले, "बेटा, काऱ्या गोट्यानंतर वाळू किती डाव घोटली?"

"एकडाव. बस निघून जाऊन राहिली होती, भाऊ."

"पांढरी होती का?"

रीना खाली मान घालून म्हणाली, "पायलीच नाही."

मग तिने मला समोर घेतले. पहिली वाळू करडी निघाली. दुसरीही मळकीच. सहाव्या वेळी ती पांढरी राहिली. तिने बोअरचा दगड नव्याने घोटला आणि मणी ज्योतीत धरला. हिरवा रंग आला नाही. पुन्हा केला, तरी नाही.

प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर हिरव्या मण्याचा फोटो होता आणि मुलाखत परवावर आली होती. "आता सीट गेली समज," सुगतभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. रीना रडली. पण त्याच संध्याकाळी तिने गावात घरोघरी जाऊन "चूक माही होती" असे सांगितले. साखळी त्याच रात्री सुटली. मॅडमनी परतल्यावर पाणी तपासले, तेही चांगले निघाले.

मुलाखतीहून आल्यावर तिने सगळे टिकारामभाऊंना सांगितले, ते मी कपाटातून ऐकले. तिथल्या सरांनी विचारले होते, "मग प्रकल्पात तुला सापडलं काय?"

"माही चूक सापडली, सर."

"लपवली असती तर कुणाला कळलं असतं?"

"कोनालेच नाही, सर. माही माय तिकडूनच पानी आनत रायली असती."

रीनाला सीट मिळाली.

मित्रांनो, येत्या सोमवारी नवी मुले येणार आहेत आणि मला आतापासूनच धडधडते आहे. माझ्यात ठोकू नका. वाळू घोटा आणि फेकण्याआधी तिच्याकडे बघा. बस चुकली तर चुकू द्या. माझ्या चिरेत होती ती पूड चिमूटभरसुद्धा नव्हती, आणि तिच्यापायी रीनाच्या आईने, सत्यभामाबाईंनी, आठ दिवस डोक्यावरून पाणी वाहिले.