निवलेला चमचा

सरबताच्या कारखान्यात चवमास्तरांच्या जिभेला मान होता. पाक चुलीवरून उतरला की वाफाळता चमचा तोंडात धरायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा; पाक निवण्याची वाट पाहतो तो नवशिका, असं त्यांचे उस्ताद सांगून गेले होते.

मग मालकांनी साखर बंद करून फ्रुक्टोज आणलं. फळांत आणि मधात असते तीच ही साखर, नेहमीच्या साखरेहून गोड, म्हणून कमी पुरते, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. मास्तरांनी पहिला गरम चमचा घेतला. फिकं. त्यांनी दोन मापं वाढवायला लावली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बर्फातली बाटली उघडली, एक घोट घेतला आणि चिकटलेले ओठ सुटल्यावर विचारलं, की हे प्यायचं की याने पाकिटं चिकटवायची. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी मायेने सुचवलं, की मास्तरांनी आता बाटल्यांना झाकणं लावायला बसावं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि चव घेणाऱ्याचं तेच पळालं तर मागे उरतं काय? घरी ते मीठ, लिंबू, कॉफी एकेक करून चाखत बसले.

"जीभ गेली असेल तर बरंच झालं," बायको म्हणाली. "निदान मुकाट्याने जेवाल."

मास्तर हसले नाहीत. हरवलेली वस्तू तोंडातच असली, की तिचं दुःख कुणाला दाखवताही येत नाही.

सकाळी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यांच्यापुढे दोन चमचे धरले, एक गरम, एक गार. गरम फिका लागला. गार इतका गोड लागला, की मास्तरांनी चमचा उलटून पाहिला.

"हा दुसऱ्या पातेल्यातला."

"त्याच पातेल्यातला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी समजावलं, की फ्रुक्टोजची गोडी गरमपणी दबते आणि गार झाल्यावर खुलते. "जीभ खोटं बोलत नाहीये, मास्तर. तुम्ही तिला फार लवकर विचारता."

मास्तरांनी मनातल्या मनात उस्तादांची माफी मागितली आणि स्टूल मागवलं. दोन तास ते पातेल्यासमोर बसून राहिले. त्यांना बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. कामगार एकेक करून दबक्या आवाजात तब्येत विचारून गेले, एकाने तर खांद्यावर हातही ठेवला. शेवटी गार चमचा तोंडात गेला, डोळे मिटले, आणि पुढच्या पाकात तीन मापं कमी करण्याचा हुकूम सुटला.

त्या पाकाचा पेला मालकांनी रिकामा केला आणि दुसरा भरला. मास्तर शाबासकीसाठी थांबले नाहीत. पुढचं पातेलं नुकतंच उतरलं होतं, आणि त्यांना बसायचं होतं.