फुमीच्या तळहातावरचं दही

मेधा कांबळेचं डोकं गेले तीन आठवडे ठिकाणावर नव्हतं, आणि त्याला कारण होती एक सत्तरी ओलांडलेली जपानी बाई. बाईंचं नाव कासाहारा नोबुए. पन्नाशीला आल्यावर पहिलं पुस्तक, मग धडाधड आणखी सहा, मिळून सात कादंबऱ्या, दोन मोठे पुरस्कार, आणि मुलाखतीत एका वाक्याच्या वर बोलायचं नाही हा बाणा! या बाई शनिवारी सिंगापूरला येणार होत्या. तांजोंग पगारच्या एका पुस्तकांच्या दुकानात वाचन करून झालं की मेधाला पंधरा मिनिटं देणार होत्या. तेवढ्यात मेधाने सातही कादंबऱ्या मराठीत करायची परवानगी मिळवायची होती. पुण्याचे प्रकाशक करार तयार ठेवून बसले होते. बाईंनी सही केली नाही तर सगळंच पाण्यात.

आता मेधा काही ऐरीगैरी नव्हती. पुण्यात पाच वर्षं घासून जपानी शिकलेली, सिंगापूरला आल्यापासून एका जपानी कंपनीत दुभाषी. बाईंचं पहिलं पुस्तक, 'खारं अंगण', एकवीस वर्षांपूर्वी तिनेच मराठीत आणलं होतं, एका दिवाळी अंकात. मग घोडं अडलं कुठे? तेच तर सांगायचंय.

'खारं अंगण' मधली फुमी ही एका बेटावरच्या कोळ्याच्या घरातली सून. राबून राबून विटलेली. एका सकाळी ती गाठोडं घेऊन निघते. सासू तिच्याकडे पाठ करून तांदूळ धूत राहते. संपलं पुस्तक. फुमी गेली ती गेली. सगळा जपान हळहळला म्हणतात.

आणि आपल्या मेधाबाईंनी काय करावं? तिथे एक वाक्य घुसडून दिलं. 'सासूने काही न बोलता तिच्या तळहातावर दही ठेवलं.' अहो, त्या बेटावर दही येणार कुठून? दुकानातून? पण संपादकांना खटकलं नाही, वाचकांना तर नाहीच नाही. आपल्याकडे कोणी लांब निघालं की हातावर दही देतात, म्हणजे माणूस सुखरूप परत येतं. मराठी वाचकाने दही पाहिलं आणि ओळखलं, येणार पोरगी परत!

पुढे बाईंची दुसरी कादंबरी आली. मेधाने पहिलं पान उघडलं आणि बघते तर काय? फुमी घरात! सासूशेजारी बसून मुळा चिरतेय. कधी आली, कशी आली, एक अक्षर नाही. फक्त एवढंच, की तिच्या उजव्या तळव्याला आंबूस वास येत होता आणि धुऊनही जात नव्हता. समीक्षकांची पार भंबेरी उडाली. एक म्हणाला, हे फुमीचं भूत आहे. दुसरा म्हणाला, काळ उलटा वाहतोय. तिसऱ्याने त्यावर डॉक्टरेट केली. पुढच्या प्रत्येक कादंबरीत फुमी दारापर्यंत जायची, मूठ उघडून बघायची आणि मागे फिरायची.

मेधाला काही म्हणता काही कळेना. बाईंना मराठीचा म सुद्धा येत नव्हता. मग हे दही तिकडे पोचलं कसं? की सगळा योगायोग, आणि आपल्यालाच भास होतायत? बरं, विचारावं तर लबाडी कबूल करावी लागणार. स्वतःची वाक्यं घुसडणाऱ्या बाईला सात पुस्तकं कोण देईल? न विचारावं, तर त्या आंबूस वासाचं भाषांतर कोणत्या तोंडाने करायचं?

"विचारून टाक ना," नवरा नागसेन म्हणाला. तो सेम्बावांगच्या गोदीत इंजिनियर. त्याच्या लेखी प्रत्येक गळती शोधली की सापडते. "फार तर नाही म्हणतील."

"अय्या ममी, जस्ट आस्क हर लाह," मुलगी एकता फोनमधून मान वर न काढता सिंगापुरी थाटात म्हणाली.

यांचं काय जातं बोलायला! मेधा मनातून चडफडली.

शनिवारी वाचन झालं, गर्दी पांगली. दुकानाच्या माडीवर एका छोट्या टेबलाशी बाई बसल्या होत्या. करार समोर ठेवून मेधाने पाठ करून आणलेली नम्र वाक्यं म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला जीभ अडखळली, आणि काय झालं कोण जाणे, तिच्या तोंडून भडाभडा सगळं बाहेर पडलं. दही, सासू, दिवाळी अंक, सगळं.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

पुण्यात मराठी शिकायला आलेल्या एका जपानी विद्यार्थिनीने तो अंक नेऊन त्यांना दह्याच्या अर्थासकट शब्दन् शब्द सांगितला होता. "मी फुमीला सोडवलं होतं," बाई एका वाक्यावर थांबल्या नाहीत. "तुम्ही तिला परत आणलंत. सासूने असा निरोप दिल्यावर ती जाणार कशी? मी भयंकर चिडले. दुसरं पुस्तक त्या रागात लिहिलं. तिसऱ्यापासून मलाच कळेना, ती का जात नाही. अजून कळत नाही. का ठेवलंत तुम्ही ते?"

मेधाला वाटलं होतं, या बाईंकडे तरी उत्तर असेल. इथे उलट त्याच तिला विचारत होत्या!

"मी त्याच महिन्यात घर सोडलं होतं," ती म्हणाली. "लग्नासाठी. नवऱ्याची जात आईला चालत नव्हती. निघताना मी तळहात पुढे करून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई तांदूळ धूत होती. तिने वळून पाहिलं नाही. आणि पंधरा दिवसांनी तुमचं शेवटचं पान भाषांतराला आलं. ती पाठ मला तशीच लिहिता येईना. मला वाईट वाटत होतं हो, फार वाईट."

बाईंनी करार पुढे ओढला. मग पेन उघडलं, पुस्तकांच्या यादीतलं पहिलं नाव खोडलं आणि खाली सही केली.

"सहा पुस्तकं तुमची. पहिलं आहे तसंच राहू द्या, त्यातलं दही काढू नका. ते पुस्तक आता माझ्या एकटीचं नाही."

मेधाने कागद हातात घेतला. आनंद व्हायला हवा होता; होतोय की नाही तेच समजेना.

"फुमी तर दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर घरी आली," बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी गेलात?"

"नाही गेले."

"आई आहे?"

"आहे. एक्क्याऐंशीची झाली. भावाकडे असते."

"मग?"

आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं इकडून तिकडे पोचवणाऱ्या मेधाकडे आज कोणीतरी तिचं स्वतःचं उत्तर मागत होतं. सही झालेला करार मांडीवर ठेवून ती त्या परक्या बाईसमोर ओक्साबोक्शी रडायला लागली.