शेवई तुटता कामा नये

गेली दोन वर्षं आईच्या वाढदिवसाला यूछिंग भरल्या ताटावरून उठली होती. शिंचू शहरातल्या तिच्या ऑफिसातलं एखादं मशीन मान टाकायचं, त्याचं नेटवर्क गेलेलं असायचं, आणि ही बाई ताइतुंगच्या माहेराहून मिळेल ती गाडी पकडून परत. मशीनपाशी जाऊन कीबोर्ड लावल्याशिवाय इलाजच नसायचा. यंदा आईची सत्तरी. "उठलीस तर पुढच्या वर्षी येऊच नकोस," आई फोनवर म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती.

यूछिंगने कंबर कसली. एक जुनं लिनक्स मशीन झाडूनपुसून काढलं, त्याला वेगळं मोबाइल कनेक्शन दिलं आणि त्याच्यापासून प्रत्येक सर्व्हरच्या सिरियल पोर्टला, म्हणजे नेटवर्क गेलं तरी चालणाऱ्या मागच्या दाराला, केबल ओढली. आता कुठूनही लॅपटॉपवरून त्या केबलींतून बोलता येणार होतं. पण पहिल्यांदा पडद्यावर नुसता अगम्य कचरा उमटला.

"मशीनवर खाऊची पुडी ठेवली नाहीस ना?" च्वो दादा हसले. ते तिचे वरिष्ठ.

दोन्हीकडचा वेग जुळत नव्हता, एवढंच. तो जुळवल्यावर अक्षरं शुद्धीवर आली. तरी मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून यूछिंगने तिकडच्या रिवाजाप्रमाणे खाऊची हिरवी, चालू दिव्याच्या रंगाची पुडीही वर ठेवलीच. उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या.

वाढदिवसाला दीर्घायुष्याच्या, न तोडता खायच्या लांबच लांब शेवया आल्या. पहिली तोंडात जाते न जाते तोच मोबाइल वाजला: मेलचं मशीन बसलं.

तिने वाट्या सरकवून लॅपटॉप उघडला. मशीन विचारत होतं, डिस्क दुरुस्त करू का, हो की नाही? पण उत्तर लिहायची जागा च्वो दादांनी आधीच लॉगिन करून अडवलेली. एका वेळी एकानेच लिहायचं, बाकीच्यांनी बघायचं. दादा फोन उचलेनात. त्यांना हुसकायची आज्ञा मशीनला देता येत होती, पण वीस वर्षांनी मोठ्या माणसाला हुसकायचं म्हणजे तिचा हातच धजेना.

"काय झालं?" आईने विचारलं.

"दादांना खुर्चीवरून उठवायचंय," शेवई ओठांत धरून ती पुटपुटली.

"मग उठव की. तू नको उठूस. आणि शेवई तोडू नकोस, माझं आयुष्य आहे ते."

यूछिंगने मशीनला आज्ञा दिली, जागा मोकळी होताच 'हो' लिहिलं. मशीन कुरकुरत उठलं. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली, च्वो दादांची: "जेवून येतो तर माझी जागा गायब! बरं केलंस, मला त्या प्रश्नाची भीतीच वाटत होती. आईंना शुभेच्छा सांग."

तिने लॅपटॉप मिटला आणि ती शेवई सबंध ओढून घेतली. आईने लेकीची वाटी पुन्हा भरली आणि पदर नसल्यामुळे रुमालाने डोळे टिपले.