धनुर्वाताचं कार्ड

वच्छलाबाईंनी पत्त्यांसारखा कार्डांचा गठ्ठा पिसला, वरचं एक उचललं आणि चष्मा नाकावर सारून मोठ्यानं वाचलं.

“रूप गोल, द्राक्षाच्या घोसावानी. मुक्काम नाकात अन् कातडीवर. आजार गळवं, फोडं. सांग, कोण?”

“स्टॅफिलोकॉकस ऑरियस,” हेमांगी तोंडातलं केळं न गिळताच म्हणाली.

“द्राक्षं कोन्या गावचे? फैजपुरात राहून केळीचा घड म्हनता येत नाही तुह्या पुस्तकाले?”

सुनेला हसता हसता ठसका लागला. उद्या जळगावला तिची तोंडी परीक्षा होती. लॅबचा कोर्स. परीक्षक जंतूचं रूप सांगणार, तो राहतो कुठे, करतो काय ते सांगणार, आणि नाव विचारणार. चौथी शिकलेल्या सासूला वाचता यावं म्हणून तिनं कार्डं मराठीत लिहिली होती. आणि सासू तरी कशी! गेले आठ दिवस भाकरी थापतानाही तिला जंतूच सुचत होते.

“मुक्काम आपल्या आतड्यात. तिथं गुण्यागोविंदानं राहतो. जागा सोडली की लघवीले जळजळ. अगं माय, हा तर शेजारचा उखर्डू! घरात गरीब गाय, बाहेर मारका बैल.”

“ई. कोलाय. आई, उद्या माझ्या तोंडून उखर्डूभाऊंचंच नाव निघेल हं!” हेमांगीनं फणीतलं एक केळं पुढे केलं. “घ्या ना. काय गोड निघालीत यंदा.”

“मले नवस हाये. माहीत नाही तुले?”

माहीत सगळ्या गावाला होतं. केळीच्या बागेत उभा जन्म काढलेल्या या बाईनं सेहेचाळीस वर्षांत केळ्याला तोंड लावलं नव्हतं. कोणत्या देवाचा नवस, हे कुणी विचारलं नाही, आणि बरंच झालं म्हणायचं, कारण नवस नव्हताच. पहिल्या बाळंतपणात पाचव्या दिवशी त्यांनी चोरून एक केळं खाल्लं होतं. ओल्या बाळंतिणीला केळं वर्ज्य. थंड पडतं, दूध नासतं. सातव्या दिवशी बाळानं अंगावर पिणं सोडलं. जबडा मिटला तो मिटलाच. नवव्या दिवशी ते गेलं. ते केळं दोनच माणसांना ठाऊक होतं. एक खाणारीला आणि एक आणून देणाऱ्याला. आणून देणारे त्यांचे यजमान कौतिकआबा आता ओसरीवर बसून दोर वळत होते.

वच्छलाबाईंनी पुढचं कार्ड घेतलं.

“रूप काडी. एका टोकाले गाठ, ढोलाच्या टिपरीवानी. मुक्काम माती, शेण, गोठा. आजार धनुर्वात. जबडा बसतो. नव्या बाळाले...”

त्या थांबल्या. अक्षर लागलं नसेल असं वाटून हेमांगीच घडाघडा बोलू लागली.

“क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी! नव्या बाळाला नाळेतून होतो. पूर्वी विळ्यानं नाळ कापायचे, वर शेणाची राख लावायचे, त्यातून आत शिरतो. बाळ आठवड्याभरात दूध ओढायचं सोडतं. बरोबर ना?”

वच्छलाबाईंना ताईबाई सुईण दिसली. विळा पदराला पुसणारी, गोठ्यातली राख बोटावर घेऊन फुंकर घालत घालत बेंबीला लावणारी. किती मायेनं लावली होती बिचारीनं!

“हेमांगी, केळ्यानं होतो का हा?”

“केळ्यानं?” हेमांगी हसली. “छे! केळ्यात नसतो तो. आईच्या दुधातूनही जात नाही.”

“पक्कं? परीक्षकापुढं असंच सांगशील?”

“माले बठ्ठं पाठ शे!” रुसली की सुनेच्या तोंडी ‘सगळं’चं ‘बठ्ठं’ व्हायचं, माहेरचं अमळनेर असं बाहेर यायचं.

वच्छलाबाईंनी कार्ड पदराला पुसलं, जणू त्याच्यावर काही सांडलं होतं. मग ओसरीकडे तोंड करून हाक मारली.

“अहो, आत या जरा. हिची परीक्षा घ्याची हाये.”

आबा दारात येऊन उभे राहिले.

“सांग यांले. बठ्ठं सांग. केळ्याचंही.”

हेमांगीनं पुन्हा सांगितलं. माती, शेण, विळा, राख. या वेळी तिचा वेग आपोआप कमी झाला, कारण ऐकता ऐकता आबांनी चौकट धरली होती.

“नाळेतून?” त्यांनी विचारलं.

“हो आबा.”

“केळ्यात नाही?”

तोच प्रश्न दुसऱ्यांदा. हेमांगीनं सासऱ्यांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि हातातली साल हळूच ताटलीत ठेवली.

“नाही आबा. केळ्यात नसतो.”

आबा मागच्या खोलीत गेले. तिथे घड टांगलेला होता. एक केळं तोडायला लागतो किती वेळ? पण ते बराच वेळ आले नाहीत. डोळ्यांवर पाणी मारल्याचा आवाज तेवढा आला.

आले तेव्हा हात रिकामे होते. खांद्यावरचा रुमाल मात्र काखेत गुंडाळलेला होता. त्यांनी तेव्हासारखंच आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, जिथे त्यांची आई बसायची. ती जाऊनही तीस वर्षं झाली होती. मग वच्छलाबाईंच्या शेजारी बसून त्यांनी रुमाल उलगडला. आत एकच केळं होतं, चांगलं पिकलेलं.

“आता कोनापासून लपवता?” वच्छलाबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.