जिन्यातली चौथी तार

आमच्या जिन्यातला दिवा बंद झाला की पायऱ्या वाढतात. जिन्याला चारी बाजूंनी भिंती आहेत, खिडकी एकही नाही, म्हणून भर दुपारीही तिथे दिवा लागतो. बटण एकच, खाली, घरमालक सोनटक्क्यांच्या दाराशी. मी वरच्या मजल्यावर राहते आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी मुलांना विज्ञान शिकवते.

त्या दिवशी मुलं जिन्यात असतानाच सोनटक्क्यांनी दिवा घालवला.

मी दार उघडलं. वरच्या तीन-चार पायऱ्या दिसल्या, पुढे काही नाही.

"जुई?"

"येतोय बाई!" आवाज फार खालून आला. "पण जिना संपतच नाहीये."

"सगळ्यांनी कठडा धरा. कुणी कुणाला मागे टाकायचं नाही."

"धरलाय. ओजस रडतोय."

"नाही हां बाई, खोटं बोलतेय ती," ओजस म्हणाला. तो रडत होता.

बाहेरून मात्र घर तेवढंच उंच राहतं. मी गॅलरीत गेले तर सोनटक्के खाली ओट्यावर सुपारी कातरत बसलेले, नेहमीइतकेच जवळ.

"सोनटक्के, मुलं जिन्यात आहेत."

"अरे देवा. मला वाटलं, पोचली सगळी." ते आत गेले. बटणाचा खटखट आवाज आला. "लागत नाही हो बाई!"

जिन्यात कुणी असताना खालून घालवलेला दिवा खालून लागत नाही. तो वरूनच लावावा लागतो, आणि वर बटण नव्हतं. मी हत्यारांचा डबा काढला. खालून आणि वरून, दोन्हीकडून लागणारा दिवा मी सेल आणि छोट्या बल्बवर याच मुलांना करून दाखवला होता. जास्तीची बटणं, खालसाठी आणि वरसाठी, डब्यात होती. त्यातलं एक मी गॅलरीतून सोनटक्क्यांकडे खाली टाकलं. एका बटणापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी केबल तेवढी नव्हती.

"पंपाची उरलेली आहे माझ्याकडे," सोनटक्के म्हणाले आणि वेटोळं घेऊन आले. "बघा, तीन तारा. लाल, काळी, हिरवी. तुम्हाला तीनच लागतात ना?"

"त्या तीन नाहीत, दोन आहेत. हिरवी मोजायची नाही."

"का? तिच्यात तांबं नाही का?"

"हिरवी अर्थिंगची, जमिनीत जाणारी असते. जिन्याचा कठडा लोखंडी आहे आणि त्याला ती हिरवीच बांधलेली आहे. तिच्यातून दिवा लावला तर कठड्यात करंट उतरेल. मुलांनी कठडा धरलाय."

"मग सांगा की सोडायला."

मी जिन्याशी जाऊन सांगितलं.

"नाही सोडता येत बाई," जुई म्हणाली. "ओजसनं मघाशी जरासा सोडला, तर तो आमच्या किती तरी खाली गेला. आता हाका मारून मारून वर आणलाय."

मी गॅलरीत परत आले. "चार कोरची आणा. तीन कामाच्या, चौथी हिरवी. दीड एमएमची, आणि तांब्याचीच."

"दुकान स्टेशनपाशी. अर्धा तास मोडेल बाई."

"मोडू दे."

"हट्टी आहात तुम्ही," ते म्हणाले. जाताना त्यांनी पंपाच्या केबलचं टोक माझ्या गॅलरीत फेकलं. "असू द्या हाताशी." मग स्कूटर गेली.

मी उंबऱ्यात बसले. बॅटरीचा उजेड चौथ्या पायरीवर थांबत होता.

"तोवर आपण शिकू," मी म्हटलं. "जाड तार का घ्यायची?"

"बारीक तापते बाई. मग वरचं प्लास्टिक वितळतं."

"शाब्बास. कोण बोललं?"

"ओजस."

मला वाटलं होतं, कुणाचे तरी वडील बोलले.

"बाई, ह्याला मिशी आलीय," जुई म्हणाली. सगळे हसले. हसणं जाड होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाई, माझी दाढ दुखतेय."

"कुठली?"

"शेवटची. अक्कलदाढ."

मी उठून गॅलरीत गेले. पंपाच्या केबलचं टोक मी सोलून ठेवलं होतं. कधी सोललं ते आठवत नव्हतं. हिरवी तार बोटांत धरली. पाच मिनिटांचं काम होतं. मी ती मागे वळवली, टेप गुंडाळली आणि परत येऊन बसले.

"बाई, तुमचं वय काय?" अंधारातून एका बाईनं विचारलं.

"सत्तर."

"मग आता तुम्हाला बाई म्हणायचं की नावानं हाक मारायची?" ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. "घाई करू नका हं. आम्ही धरून आहोत. तुम्ही नीटच करा."

सोनटक्के अर्ध्या तासातच आले. मेन बंद केलं, टेस्टर लावून बघितला. मी दोरी सोडली, केबल वर ओढून घेतली. त्यांनी खालचं जुनं बटण काढून नवं बसवलं, मी वरचं जोडलं. तिन्ही तारा आपापल्या जागी, हिरवी लोखंडी डब्याला. प्रत्येक तार ओढून पाहिली. एकही हलली नाही.

"मेन लावा," मी ओरडले, आणि बटण दाबलं.

दिवा लागला. जिना पूर्वीएवढा झाला. त्यावर पाच म्हातारी माणसं एकामागे एक उभी होती, पाठीला दप्तरं. सगळ्यांत पुढे होती तिच्या पांढऱ्या केसांना लाल रिबिनी होत्या. तिनं डोळे मिचकावले, माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तास संपला ना?"

मुलांना न्यायला आया आल्या होत्या. जुईची आई सगळ्यांत खालच्या पायरीशी हेल्मेट हातात घेऊन उभी होती. जुई वळली आणि एकेक पायरी उतरत खाली गेली. आई अदबीनं बाजूला झाली, तिला हात दिला.

"सावकाश, आजी," ती म्हणाली. मग मान उंच करून तिनं मला विचारलं, "बाई, जुईला पाठवताय ना?"